तिसऱ्या वळणावरचा हॉर्न

साडेआठला जहाज पोट उघडतं
आणि माझ्या वाट्याला अडतीस माणसं येतात,
छातीवर चौदा नंबरचा गोल कागद चिकटवलेली.
मी पाटी उंच धरते. "मी नायिबे," म्हणते,
आणि ती सगळी ते नाव तोंडात
गरम बटाट्यासारखं इकडून तिकडे करतात,
मग गिळून टाकतात.
दुपारपर्यंत मी नुसती चौदा.

हे कार्ताहेना. ही तटबंदी, हा किल्ला,
ही किल्ल्याबाहेरची टोप्या विकणाऱ्यांची दुसरी तटबंदी.
एउलिसेस बस टेकडीला घालतो.
रस्त्याच्या दोन्ही अंगांना आमची वस्ती:
पत्रे, निळी पिंपं, दाराशी बांधलेला कोंबडा,
आणि कुणाचा तरी रेडिओ, सगळ्यांसाठी.
नेमकी इथे मी माइक ओठांशी नेते
आणि समुद्री चाच्यांविषयी बोलू लागते.
कंपनीनं तसं सांगितलेलं नाही.
कुठे काय बोलावं, ते अंगवळणी पडतं.

तिसऱ्या वळणावर एउलिसेस हॉर्न देतो, आखूड, दोनदा.
पाहुण्यांना वाटतं, वळण आहे म्हणून.
वळण आहेच.
आणि वळणावर एक खिडकी आहे,
तिच्यात माझा दाइरो उभा राहतो, गजांना नाक लावून.
जाताना एकदा, येताना एकदा,
आमची एवढी भेट बिनपैशांची.

आज खिडकी रिकामी होती.
काल रात्री कपाळ तव्यासारखं होतं त्याचं.

वर मठ. कमानी, विहीर, बोगनवेल.
"या कड्यावरून," मी सांगते,
"एका पाद्रीबुवांनी सैतानाचा बोकड खाली ढकलला, अशी गोष्ट आहे."
चारशे वर्षं तो बोकड पडतोच आहे,
रोज दोनदा, जहाजं जास्त लागली तर चारदा.
लोक कठड्यावरून वाकून बघतात,
जसं काही खाली अजून शिंगं असतील.
मग वीस मिनिटं मोकळी.
फोटो. नारळपाणी. संडास डावीकडे.

एक म्हातारबुवा मात्र बोटानं काहीतरी मोजत होते.
टामिंगा नाव, हॉलंडकडचे, चौदाचा कागद वाकडा लागलेला.
"चौथा मजला," म्हणाले, "शिडाच्या बोटीपासून सातवी काच.
ती बघ. ती माझी खिडकी."
बंदरात जहाज पांढऱ्या कपाटासारखं उभं.
मी म्हटलं, "हो का."
मग त्यांनी विचारलं, "आणि तुझी कुठली?"

अकरा वर्षं मी या कठड्याशी उभी आहे.
घुमट दाखवलेत, बंदर दाखवलंय,
समुद्रात पाय टाकून बसलेल्या नव्या इमारती,
खारफुटी, विमानतळ, पाऊस येतो ती बाजू.
हा प्रश्न कुणी काढला नव्हता.
मी पाटी खाली ठेवली.
"ते आंब्याचं झाड. त्याच्या खाली गंजका पत्रा,
त्यावर टायर. टायरच्या शेजारचा."

ते डोळे बारीक करून बघत राहिले.
"दिसलं," म्हणाले, "छान आहे हं."
ते समुद्राकडे बघत होते.

उतरताना गाडीत एसीचा गारठा,
अर्धे पेंगलेले, टामिंगा तोंड उघडं टाकून झोपलेले,
त्यांचा चौदा नंबर आता गुडघ्यावर.
तिसरं वळण. हॉर्न, आखूड, दोनदा.
खिडकीत आई होती, एकटीच.
तिनं पंजा आडवा धरून हलवला:
आहे तसंच.

"हॉर्न कशाला?" मागून एका बाईंनी विचारलं.
मी माइक उचलला. चालू आहे का बघितलं.
"बोकड," म्हटलं,
"इथे कधीमधी आडवा येतो."
सगळे हसले.
एउलिसेसनं आरशातून माझ्याकडे बघितलं
आणि पुढचा अर्धा उतार
गाडी जरा जास्तच हळू घेतली.